बिनवायरचा ग्राइंडर

"ही कापून दाखवा."

आनंदाने पिशवीतून हातभर लांबीची लोखंडी सळई काढली आणि काउंटरवर ठेवली.

सत्यजीत सळईकडे बघत राहिला. पनवेलच्या टपाल नाक्याजवळ त्याचं हत्यारांचं दुकान होतं. मशीन हातात घेऊन चालवून बघणारी गिऱ्हाइकं रोजचीच. घरून सळई घेऊन येणारा हा पहिलाच.

"वायरचा ग्राइंडर घ्या ना. त्याला ताकद जास्त."

"वायर नको. लाइट गेली तरी चालला पायजे. आनी त्याच बॅटरीवर ड्रिलपन चाललं पायजे."

माणूस पन्नाशीचा, बोलण्यावरून जवळच्या ओवे गावाकडचा वाटत होता. उजव्या हातात चामड्याचा मोजा होता. एवढ्या उकाड्यात त्याने तो काढला नव्हता.

सत्यजीतने तीन कंपन्यांचे बॅटरीवरच्या ग्राइंडर-ड्रिलचे सेट मांडले. सळई व्हाइसच्या शिकंज्यात आवळली आणि पहिला ग्राइंडर लावला. ठिणग्या उडाल्या, तुकडा खाली पडला. आनंदा मनगटावरच्या घड्याळात बघत होता.

"बावीस सेकंद. लई झाले."

दुसरं मशीन अर्ध्यावरच थांबलं आणि त्याचा लाल दिवा लुकलुकायला लागला.

"याला काय झालं?"

"फार दाबलं की ते आपोआप बंद पडतं. मोटर जळू नये म्हणून. परत चालू करायचं."

"घाईत मानूस दाबनारच," आनंदा म्हणाला आणि तो सेट त्याने बाजूला सारला.

तिसऱ्याने चौदा सेकंदांत सळई तोडली. आनंदाने ते मशीन डाव्या हाताने उचललं, खांद्याच्या वर नेलं आणि तसंच धरून ठेवलं.

"एका हातानं चालंल? दुसऱ्या हातानं पाइप धरायचा झाला तर?"

"अजिबात नको. चकती फुटली तर तोंडावर येईल." सत्यजीतने जरा थांबून विचारलं, "पाइप कसला?"

"बिल्डिंगीचा."

"आणि कापायचं काय?"

"खिडक्यांच्या ग्रिल."

 त्या महिन्यात आजूबाजूला दोन बंद फ्लॅट फुटले होते. दोन्हीकडे मागच्या खिडकीची ग्रिल कापलेली. संशयास्पद गिऱ्हाईक दिसलं तर कळवा, असा पोलिसांचा मेसेज व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर फिरत होता.

"या सेटची दुसरी बॅटरी आत आहे. बघून आणतो," असं म्हणून तो मागच्या खोलीत गेला. नाक्यावर ड्युटीला असणारे बळीराम हवालदार त्याच्या ओळखीचे होते. त्याने दबक्या आवाजात त्यांना फोन लावला.

बाहेर आला तेव्हा आनंदा कापलेल्या सळईच्या टोकावरून बोट फिरवत होता.

"सहा महिने पडून राहिली तर बॅटरी उतरते का, शेठ?"

"थोडी उतरते. मधूनमधून चार्ज करायची." सत्यजीतने रस्त्याकडे नजर टाकली. "बसा ना. चहा सांगतो."

"चहा नको. मशीन मना आजच पायजे."

तेवढ्यात बळीराम हवालदार दारात आले. त्यांनी आनंदाकडे पाहिलं आणि टोपी काढून काखेत धरली.

"आनंदा, तू? हात कसा आहे आता?"

"बरा हाय, साहेब."

हवालदारांनी सत्यजीतकडे रोखून पाहिलं. "याच्यासाठी फोन केलास? गेल्या महिन्यात नाक्यामागच्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्याला आग लागली होती, आठवतंय? तिथल्या कुमुदबाई आणि त्यांची नात मनस्वी खिडकीत अडकलेल्या. जिन्यात धूर भरलेला. हा समोरच्या बिल्डिंगमध्ये कामाला होता. वायरचा ग्राइंडर पाठीला बांधून पाइपावरून चढला. वर पोचला, तर आगीमुळे वीज बंद केलेली. मग साध्या करवतीने सळ्या घासत बसला. तापलेल्या ग्रिलला या हाताने धरून."

आनंदा खाली बघत होता.

"पोरीला काढलं याने," हवालदार म्हणाले. "आम्ही खालून बघत होतो."

"आणि बाई?"

हवालदारांनी नकारार्थी मान हलवली. आनंदाच्या पाठीवर हात ठेवून ते नाक्यावर परत गेले.

 मोज्यातल्या त्या हाताकडे बघायचं सत्यजीतला धाडस होईना.

"माफ करा, दादा. मी तुम्हाला चोर समजलो."

"तुमी तरी काय करनार."

"तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून..."

"तसं बोलू नका, शेठ."

सत्यजीतने सेट खोक्यात भरला. वर दोन डझन चकत्या स्वतःकडून टाकल्या. "देव करो आणि हा वापरायची वेळ कधी न येवो."

"वेळ आली तर जवळ पायजेच. पन वाट नाय बघनार. उद्यापासून घरोघर जातो. ग्रिलचा मधला भाग कापायचा, भोकं पाडून बिजागऱ्या लावायच्या. आतून उघडनारी झडप करायची. एकशेबारा घरं हायत."

"एकशेबारा? पण लोक तुम्हाला त्यांच्या ग्रिल कापू देतील का?"

"देतील. मीच बसवल्यात त्या."

खोक्याला चिकटपट्टी लावता लावता सत्यजीतचा हात थांबला. "म्हणजे कुमुदबाईंची..."

आनंदाने खोकं उचलून छातीशी धरलं.

"बाई म्हनाल्या व्हत्या, आनंदा, उघडायला एक झडप ठेव. मीच म्हटलं, कशाला बाई, चोर येतात."