वीस वर्षांचं नाक

इंजिन ऑइलमध्ये घालायचं ॲडिटिव्ह तयार होताना जो वायू सुटतो, त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. एवढीशी गोष्ट नव्या केमिस्टला कोणी शिकवली नसावी, अशी चीफ केमिस्टची खात्रीच पटली होती. सकाळपासून ती दुसऱ्यांदा त्याच्या केबिनच्या दारात उभी होती.

"सर, वास वाढलाय. कुठेतरी गळती असणार."

"एवढं नाजूक नाक असेल तर अत्तराच्या कारखान्यात जा, मॅडम," त्याने रिपोर्टमधून मानसुद्धा वर केली नाही. "वीस वर्षं काढलीत मी इथे. मला कसा कधी वास येत नाही?"

ती गेली. आली मोठी शहाणी, असं पुटपुटत त्याने चहाचा घोट घेतला. डोकं जड झालं होतं. असल्यांच्या तोंडी लागलं की होणारच.

दहा मिनिटांनी ती परत आली.

"आता काय? अजून येतोय वास?"

"नाही सर. एकदम गेला." आवाज कोंडल्यासारखा होता. रडून आली असणार.

"बघा. उगाच राईचा पर्वत."

त्याने मान वर केली. तिच्या तोंडावर मास्क होता आणि दुसरा हातात. त्याच्या खुर्चीमागची पाटी तिने शांतपणे वाचून दाखवली. "वास यायचा थांबला की पळा. हा वायू आधी नाक मारतो, मग माणूस." मग म्हणाली, "अक्षर तुमचंच आहे, सर. बाकीचे सगळे केव्हाच बाहेर गेलेत. तुम्हाला बोलवायला कोणी तयार होईना, म्हणून मला यावं लागलं."