दांड्याची जागा

“वहिनी, हा गिअरचा दांडा बघा. चालवणाऱ्याकडे पाठ करून रुसून बसलाय,” दीर गाडीत आडवा होऊन म्हणाला. त्याचे पाय बाहेर लोंबत होते. “दादाने गाडी जोडली झकास, पण हा बसवताना डुलकी लागली होती की काय?”

वहिनी हसली नाही. टॉर्च धरून ती वाकून उभी होती.

गाडी कारखान्यातून तयार आलेली नव्हती. सुट्या भागांची खोकी मागवून नवरा-बायकोने याच पत्र्याच्या शेडमध्ये जोडलेली. दोन सीटची, बुटकी. आत बसायचं तर आधी देवापुढे वाकावं तसं वाकायचं. जोडतानाची दोघांची एक रीत होती. नट त्याने आवळायचा आणि त्यावर लाल नेलपॉलिशची रेघ तिने ओढायची, नटावरून सरळ खालच्या पत्र्यापर्यंत. नट केसभर जरी सैलावला तरी रेघ तुटलेली दिसते. सबंध गाडीभर अशा रेघा होत्या. माणूस जगातून निघून गेला होता, रेघ एकही तुटली नव्हती.

“लावू पाना?” दिराने विचारलं. “नक्की ना? एकदा सोडला की दादाने बसवलेली जागा मोडली म्हणून समजा.”

“लावा. चालवायची तर माझा हात पोचायला हवा.” टॉर्च पुढे सरकवत ती म्हणाली, “जाताना एवढंच म्हणाले, गाडी उभी ठेवू नकोस. उभ्या गाडीला गंज खातो.”

नट करकरला. रेघ मधोमध तुटली. अर्धी दांड्यावर राहिली, अर्धी त्याला धरून ठेवणाऱ्या पकडीवर. दिराने दांडा ओढून वर काढला, बुडाशी बघितलं आणि त्याची थट्टा तिथल्या तिथे जिरली.

दांड्याच्या बुडाला बारीक दाते होते आणि त्यांच्यावर अर्ध्या-अर्ध्या रेघा, उघडलेल्या पंख्यासारख्या पसरलेल्या. पहिली विटलेली, चालवणाऱ्याच्या बाजूची. तिच्या शेजारच्या दात्यावर दुसरी. मग तिसरी. अशी सरकत सरकत शेवटची, लालभडक, पार डावीकडच्या सीटकडे गेलेली.

“हे काय? सारखा हलवत होता?”

“एकेक दाता.”

“कशासाठी?”

“त्यांच्या डाव्या हातातली ताकद जायला लागली ना, तेव्हापासून. क्लच ते दाबायचे, ‘हं’ म्हणायचे, की बाजूला बसून गिअर मी टाकायचा. आधी त्यांच्या हातावर नुसता हात ठेवायचे. मग सगळा भार माझ्यावर आला. माझा हात अवघडतो म्हणून हा एकेक दाता माझ्याकडे सरकवत गेले.” तिने टॉर्च दुसऱ्या हातात घेतला. “शेवटी शेवटी तो हात मांडीवर पडूनच असायचा. पण त्यांना तो दांड्याच्या मुठीवरच हवा असायचा. मी उचलून ठेवायचे. बोटं मिटवायचे. मग त्यावर माझा हात.”

“आणि आम्हाला पत्ता नाही!” दीर उठून बसला. “मी आपला टोमणे मारतोय. या वयात काय हे, जाईल तिथे बायको शेजारी!”

“ऐकायचे ना. खूश व्हायचे. म्हणायचे, बोलू दे त्याला. तुझ्याशिवाय माझं पान हलत नाही हे जगाला ठाऊक आहे. गाडीही हलत नाही, एवढं गुपित राहू दे.”

दिराने तोंड फिरवलं. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून चिंधीने दाते पुसायला घेतले.

“रेघा नका पुसू, भाऊजी.”

त्याने चिंधी खाली ठेवली.

मग त्याने दांडा एकेक दाता मागे आणला, तिच्या बाजूकडून चालवणाऱ्याच्या बाजूकडे. विटलेल्या पहिल्या रेघेवर तो आपसूक थांबला. पकड आवळली. गिअर सगळे टाकून पाहिले. मग बाजूला सरकला.

ती नेलपॉलिशची बाटली घेऊनच आली होती. आतलं घट्ट झालेलं, कुंचल्याला तार सुटत होती. तिने रेघ ओढली. ती कामाची रेघ होती.

“बसा आता,” दीर डावीकडच्या सीटवर शिरत म्हणाला. “अंगणातून फाटकापर्यंत. आज सारथी तुम्ही.”

ती वाकून आत बसली. या बाजूने काच निराळीच दिसत होती. तिने किल्ली फिरवली. शेडचे पत्रे थरथरू लागले. तिने पायाने क्लच दाबला, पार तळापर्यंत.

आणि तिचा उजवा हात स्टिअरिंग सोडून, अंगावरून आडवा येऊन, दांड्यावर पडला.

“अहो वहिनी, उजवा स्टिअरिंगवर. गिअर डाव्याने.”

तिने त्या हाताकडे पाहिलं. त्याला सगळे गिअर पाठ होते, हटून बसणारा दुसरासुद्धा. डाव्याला एकही येत नव्हता. तो तिच्या मांडीवर उताणा पडला होता.

“डाव्याने,” दीर पुन्हा म्हणाला, या वेळी हळू.

तिने उजव्या हाताने डाव्याचं मनगट धरलं. झोपलेलं लेकरू उचलावं तसा तो हात अलगद उचलला, मुठीवर नेऊन ठेवला. बोटं एकेक करून मिटवली.

“हं,” ती म्हणाली.