शाळेजवळची खूण

नकाशाच्या ॲपसाठी आयकॉन काढायला मी सोसायटीतल्या जयमालाताईंकडे शिकते आहे; माझी लहानगी मुक्ताही सोबत असते. पहिला सराव शाळेजवळच्या खुणेचा होता: आई आणि तिचा हात धरलेली मुलगी. त्या खुणेत खरं महत्त्व धरलेल्या हाताचंच, असं मला वाटलं. म्हणून दोन्ही आकृत्या जोडून मी एकच आकार केला.

दुपारी फाइल उघडली, तर हात सुटलेले होते.

"नीट जोडलं नसशील," ताई म्हणाल्या. "सगळं लक्ष मुक्ताकडे. पोरगी काय पळून चाललीय का?"

त्यांनी स्वतः जोडून दिलं. आमचा चहा होईपर्यंत मधे पुन्हा फट पडली होती. आई जागेवरच होती. मुलगी कडेला सरकली होती आणि तिचा मोकळा हात वर उचललेला होता. तो आम्ही तसा काढलाच नव्हता.

मी शेजारी बसलेल्या मुक्ताचं मनगट घट्ट धरलं आणि उजव्या हाताने माऊस घेतला.

"आई, सोड ना," मुक्ता कुरकुरली. तिचा दुसरा हात रिकाम्या दाराच्या दिशेने ताणलेला होता. "दोघींनी ओढलं की दुखतं."