मागून हाक

कॅनडाला जायच्या आदल्या दिवशी दादाने आईला अन् मला हिंजवडीत सिनेमा दाखवला. चिनी लोककथेवरचं कार्टून. त्यातला पोरगा ड्रॅगन होऊन नदीतून कायमचा निघून जातो. काठावरून त्याची आई हाका मारते आणि प्रत्येक हाकेला तो वळून बघतो. अख्खं थिएटर मुसमुसत होतं. आमची आई मात्र भडकली. "निघालेल्या लेकराला मागनं हाक मारत्यात व्हय? येवढं बी कळंना बाईला!" पुढच्या रांगेतले हसले. दादाही हसला. निघायच्या सकाळी कॅब नाक्यावरच थांबली. नेऱ्यातली आमची गल्ली ड्रेनेजसाठी खोदलेली. बॅग ओढत दादा कॅबपाशी पोचला, तेव्हा मला आईच्या हातात लसणाच्या चटणीचा डबा दिसला. द्यायचाच राहिला! मी ओरडणार, तोच आईने माझं तोंड दाबलं. तिची नजर दादाच्या पाठीवर होती. दबक्या आवाजात ती म्हणाली, "एकदा मागं बघ की रं."