सैल केबल

धाकट्या भावाच्या बायकोने संगणक थोरल्याच्या टेबलावर ठेवला आणि कपाळावरचा घाम पुसला.

“दुकानदार म्हणाला, भंगारात द्या. नवी सिस्टिम याला झेपत नाही आणि जुनीला आता कुणी वाली नाही. भाऊजी, तुम्ही एकदा बघाल का?”

थोरल्याने यंत्र जवळ ओढलं. स्क्रू ड्रायव्हर काढला.

यंत्र चौदा वर्षांचं होतं. ज्या घरातून ते आलं होतं, त्या घराशी तो सात वर्षं बोलत नव्हता. येणं-जाणं होतं ते फक्त दोघी जावांचं. निमित्त तसं किरकोळ होतं. थोरला गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात असताना धाकट्याने त्याच्या घरचा माळा आवरायला काढला आणि थोरल्याने जपून ठेवलेली जुनी यंत्रं भंगारवाल्याला देऊन टाकली. घरी आल्यावर थोरला चार नातेवाइकांसमोर म्हणाला, “तुला जुनं काही सांभाळताच येत नाही. वडिलांनाही नाही सांभाळलंस.”

धाकटा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होता. वडिलांच्या शेवटच्या आजारात त्याचा अर्धा महिना रस्त्यावरच जायचा. तेवढं ऐकून त्याने चपला घातल्या आणि तो निघून गेला. 

थोरल्याने यंत्राचं झाकण उघडलं. ब्रशने पंख्यातली धूळ काढली. घड्याळ मागे पडत होतं म्हणून आतला सेल बदलला. मग पेन ड्राइव्हवरून लिनक्सची एक हलकी सिस्टिम घातली. जुन्या यंत्राला पेलवेल तेवढंच तिच्यात होतं, बाकीचा सगळा नट्टापट्टा काढून टाकलेला. सुरू व्हायला पाच मिनिटं घेणारं यंत्र अर्ध्या मिनिटात तयार होऊन बसलं.

त्याची बायको शेजारी स्टूल ओढून बसली होती. हे बटण कशाला, लिहिलेलं कुठे जाऊन बसतं, मराठी अक्षरं कशी उमटतात, असं विचारत होती. नोकरीत असताना त्याने अख्ख्या ऑफिसला संगणक शिकवला होता, घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. त्याने हौसेने सगळं सांगितलं.

धाकट्याची नजर आता अधू झाली असेल, असं मनात आलं म्हणून त्याने अक्षरं मोठी केली. पडद्यावर एक फाइल ठेवली. बंद कसं करायचं, अपडेट कधी करायचं, एवढंच तिच्यात. खाली नाव लिहिलं नाही.

महिन्याभराने यंत्र परत आलं. प्रिंटर चालत नव्हता आणि धाकट्या जावेला शिकवणीच्या मुलांचे पेपर छापायचे होते. पडद्यावर एक नवी फाइल होती. ‘दादासाठी’.

‘छान पळतंय. अक्षरं मोठी केलीस ते बरं झालं. गुडघा कसा आहे?’

थोरल्याने ती तीनदा वाचली. स्टिअरिंग धरणारी बोटं टायपिंग शिकली म्हणायची, असं तो बायकोला म्हणाला. ती भाजी निवडत होती. रिकामा वेळ असतो आता, शिकले असतील भाऊजी, असं म्हणून तिने मान खाली घातली.

उत्तर द्यायला तो बसला. ‘गुडघा’ एवढं लिहिलं आणि पुसलं. प्रिंटरमध्ये कागद कसा घालायचा तेवढं लिहून यंत्र पाठवून दिलं.

तिसऱ्या खेपेला पडदा काळाच. आतली एक केबल सैल झाली होती, बाकी काही नाही. ती दाबल्यावर फाइल दिसली. ‘बसवरून मी अवेळी यायचो तरी तू वडिलांच्या खोलीचं दार माझ्यासाठी उघडं ठेवायचास. ते मी विसरलेलो नाही.’

थोरला उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला. 

चौथ्या खेपेला पुन्हा तीच केबल सैल. या वेळी त्याला हसू फुटलं. लहानपणी धाकटा सायकलची हवा मुद्दाम सोडायचा, दादाने भरून द्यावी म्हणून. खोड गेली नव्हती तर. फाइल उघडली. ‘रविवारी चहाला ये.’

त्या दुपारी त्याने ‘माझं चुकलं’ असं चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा पुसलं. शेवटी लिहिलं, ‘केबल सारखी काढत जाऊ नकोस, खराब होईल.’

रविवारी नवरा-बायको दोघं गेले. दार धाकट्याने उघडलं. त्याचे केस पार पिकले होते. दोघी जावा लगबगीने स्वयंपाकघरात गेल्या आणि भाऊ समोरासमोर बसले. उकाड्याचं बोलून झालं, गुडघ्याचं झालं, बंद पडलेल्या बसमार्गांचंही झालं.

“तू लिहिलंस म्हणून आलो,” थोरला अखेर म्हणाला. “माझ्याच्याने झालं नसतं.”

धाकटा त्याच्याकडे बघत राहिला. “मी काय लिहिणार, दादा? मला ते यंत्र सुरूसुद्धा करता येत नाही.”

आत कपबशांचा आवाज थांबला.

“पत्र तर तुझं आलं,” धाकटा म्हणाला. त्याने खिशातून घड्या पडून मऊ झालेला एक छापील कागद काढला. “दोन महिने जवळ ठेवलंय.”

थोरल्याने चष्मा लावला. ‘तू वडिलांसाठी किती धावपळ केलीस ते मला माहीत आहे. त्या दिवशी चारचौघांत बोललो, ते माझं चुकलं. – दादा.’

त्याने कागद सावकाश वाचला. पुन्हा एकदा वाचला. मग घडी घालून धाकट्याच्या हातात दिला आणि म्हणाला, “हो. मीच लिहिलंय.”

आत कपबशा पुन्हा वाजू लागल्या.