पडद्यावर एकच चित्र

बर्वेबाईंनी नवशिक्यांसाठी संगणक मांडला, तेव्हा पडद्यावर मुद्दाम एकच चित्र ठेवलं: पाकिटाचं.

होडीवाले दत्ताराम शिगवण दहा मिनिटं त्याच्याकडे डोळे वटारून बसले होते.

"बाई, हा बहिरा आहे काय? केव्हाचं मनात आणतोय."

"त्याला मनातलं कळत नाही, भाऊ. बोट लावा."

शेजारच्या सखूबाई फिस्सकन हसल्या. "कपाळावरची चकती काढली, तर अक्कलही घरी ठेवून आलात वाटतं!"

दत्ताराम हसले नाहीत. चकती त्यांच्या मनातलं ओळखून मुलीला पानपानभर सुरेख पत्रं लिहायची. 'बाबा, ही पत्रं तुमची नाहीत. पुन्हा पाठवू नका,' असं पमीनं महिन्यापूर्वी कळवलं होतं.

त्यांनी बोट लावलं. कोरा कागद उघडला. एकेक अक्षर शोधत तासाभरात एक ओळ झाली.

'पमे, तुझी पाठवणी झाल्यावर मी होडीत बसून रडलो.'

"एवढंच सुचलं, बाई."

पत्र पाठवायचं कसं, ते बाई सांगणार, तोच दत्तारामांनी खालच्या 'पाठवा'वर बोट टेकवलंही होतं.

"गेलं! मी पाठवलं," ते छाती पुढे काढून म्हणाले. "आता दुसरं चित्र ठेवा."