जास्तीची नळी

चीनची लढाई सरल्यावर यवतमाळच्या मैदानात फौजेनं हत्यारं मांडली. लेकाची हलकी मशीनगन बघायला म्हातारा नेमसिंग तांड्यावरून आला. "नळी तापली का अशी बदलायची," म्हणत धरमसिंगनं मूठ धरून ती उपसली, दुसरी बसवलीसुद्धा! नेमसिंगनं तोंडात बोट घातलं. बैलांवर गोण्या लादण्यात हयात गेलेली. त्यानं गन उचलून तोलली. "हिले हलकी म्हणता? एकटाच वाहते?" "नाही बा. एक नंबरवाला गन चालवते, दोन नंबरवाला जास्तीची नळी वाहते. एक पडला का गन दोनच्या हाती." म्हाताऱ्याचे डोळे लकाकले. त्याच्या तांड्यातही म्होरक्या बैल पडला की घंटा मागच्याच्या गळ्यात बांधत. "काय डोकं लावलं रे! तू कितवा?" "गेलतो तवा दोन." धरमसिंग नळी पुसत राहिला. "आता एक." नेमसिंगनं गन खाली ठेवली. "पहिल्याच्या मायले भेटला का?"